८२ चाचण्यांचं पॅकेज: कोणत्या वयाला त्यातलं नेमकं काय लागतं?

कोरापान:
घरातल्या पाच जणांना सरसकट एकच पॅकेज सुचवलं आहे, ८२ चाचण्यांचं. माणसं अशी: २४ (पुरुष), ३८ (स्त्री, दुसऱ्या गरोदरपणात साखर वाढली होती), ४७ (पुरुष), ६३ (स्त्री), ७२ (पुरुष, २५ वर्षं रोज एक पाकीट सिगारेट, सोडून ३० वर्षं झाली). आज कुणालाच काही तक्रार नाही.

यादीत व्हिटॅमिनं, थायरॉइडच्या पाच-सहा चाचण्या, चार ट्यूमर मार्कर (कर्करोगात रक्तात वाढू शकणारे पदार्थ), ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी आहे. गर्भाशयमुखाची तपासणी नाही, आतड्याची नाही, रक्तदाबाचा तर उल्लेखही नाही. वयानुसार काय करायचं, किती वर्षांनी, काय सोडून दिलं तर चालेल? आणि नमुना देताना काय चुकतं, तेही कुणी सांगितलं तर बरं.

धमनी:
यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहा: हा आकडा वाईट आला तर आपण काय वेगळं करणार? उत्तर नसेल तर ओळ खोडा. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगचे (तक्रार नसताना केलेल्या तपासणीचे) दहा निकष लिहिले, त्यांचा रोखही बराचसा हाच आहे. आजाराला लक्षणं दिसण्याआधीचा टप्पा हवा, त्या टप्प्यावर पकडला तर उपयोग होईल असा उपचार हवा, आणि चाचणी धडधाकट माणसाला सोसवणारी हवी.

दुसरं, हे सगळं तक्रार नसलेल्यांसाठी आहे. शौचातून रक्त जातंय, स्तनात गाठ लागतेय, वजन आपोआप उतरतंय, तर वयाचे तक्ते बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठायचा. "गेल्या वर्षीची मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नॉर्मल होती" म्हणून हाताला लागलेल्या गाठीकडे कानाडोळा करणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

आता एकेक जण.

२४: फार थोडं लागतं. रक्तदाब ३ ते ५ वर्षांनी (वजन जास्त असेल किंवा १३०/८५ च्या आसपास असेल तर दरवर्षी), कोलेस्टेरॉल एकदा आणि नॉर्मल असेल तर पुन्हा ४ ते ६ वर्षांनी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी आयुष्यात निदान एकदा. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते बघा. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूची) लस राहिली असेल तर २६ पर्यंत घेता येते, पुरुषांनाही. या वयात कोलेस्टेरॉल कशाला, असं वाटेल. पण एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १९० किंवा त्याहून जास्त निघालं तर ते बहुधा आनुवंशिक असतं, आणि मग आई-वडील, भावंडं सगळ्यांचीच तपासणी करावी लागते. लायपोप्रोटीन (ए), म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढवणारा रक्तातला चरबीचा कण, ही चाचणीही आयुष्यात एकदाच केली की पुरते, कारण ती पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते आणि वयाप्रमाणे फारशी हलत नाही.

३८: पाच जणांत सगळ्यात जास्त काही राहून गेलं असण्याची शक्यता इथे आहे. गरोदरपणात साखर वाढली होती, म्हणजे बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी व्हायला हवी होती आणि पुढे कायम दर १ ते ३ वर्षांनी साखर तपासायला हवी. बाळाच्या धावपळीत नेमकं हेच राहतं. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल तर त्याचीही नोंद डॉक्टरांना द्या, पुढे हृदयाचा धोका मोजताना ती कामाला येते.

गर्भाशयमुखासाठी: ३० नंतर एचपीव्ही चाचणी दर ५ वर्षांनी किंवा पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासणं) दर ३ वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटना ३० पासून एचपीव्ही डीएनए चाचणी, दर ५ ते १० वर्षांनी, असं सांगते. इतकं अंतर चालतं कारण विषाणूचा संसर्ग ते कर्करोग या प्रवासाला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. लस घेतली असली तरी ही तपासणी सुटत नाही. एचपीव्हीसाठी योनीतला नमुना स्वतः घेण्याची सोयही आता बऱ्याच ठिकाणी आहे. संकोचामुळे टाळणाऱ्यांसाठी उत्तम. आधीचे ४८ तास संबंध, योनीतली औषधं, आतून धुणं टाळायचं आणि पॅपसाठी पाळीचे दिवस सोडून तारीख घ्यायची. नाहीतर "नमुना अपुरा" एवढीच ओळ हातात येते.

४७: रक्तदाब दरवर्षी. साखर ३५ नंतर सगळ्यांनीच, नॉर्मल असेल तर दर ३ वर्षांनी. कोलेस्टेरॉल, आणि त्यावरून पुढच्या १० वर्षांतला हृदयविकाराचा धोका मोजून घेणं. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते आवर्जून सांगा. आणि तुमच्या यादीत नसलेली आतड्याची तपासणी: अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२१ मध्ये तिची सुरुवात ५० वरून ४५ वर आणली. शौचातल्या रक्ताची फिट चाचणी दरवर्षी किंवा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं) दर १० वर्षांनी, दोन्हीपैकी काहीही चालेल. जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा थेट कोलोनोस्कोपी.

६३ आणि ७२ बद्दल रात्री लिहितो.

काचपट्टी:
लॅबच्या बाजूने लिहितो. आधी ८२ या आकड्याचं गणित. रिपोर्टवरची "नॉर्मल" मर्यादा बहुतेक वेळा निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर निदान एक तरी ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. ४० केल्या तर ८७. त्यामुळे ८२ पैकी तीन-चार आकड्यांसमोर बाण दिसले तर माणसात बिघाड असेलच असं नाही.

नमुना देताना काय चुकतं:

उपास. उपाशीपोटी साखरेसाठी ८ तास पुरतात. पाणी प्यायचं, भरपूर प्यायचं. पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर सापडत नाही आणि दोन-तीनदा टोचून काढलेलं रक्त नळीत फुटतं. रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम, एलडीएच, एएसटी खोटे वाढतात. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाच्या वर राहिला आणि मूठ सारखी उघडझाप केली तरी पोटॅशियम वाढतं. कोलेस्टेरॉलसाठी उपास सहसा लागत नाही. फक्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर आलं तर उपाशीपोटी परत करायचं, कारण त्यापुढे नेहमीच्या सूत्राने काढलेला एलडीएलचा आकडा भरवशाचा राहत नाही.

बायोटिन. केसांसाठीच्या गोळ्यांत हे भरपूर असतं आणि कुणी ते "औषध" म्हणून सांगत नाही. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन) खोटं कमी आणि थायरॉइड हॉर्मोन खोटं जास्त येतं, म्हणजे नसलेल्या थायरॉइडचं नाटक उभं राहतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी आधी.

लघवीतलं अल्ब्युमिन. हे मूत्रपिंडासाठी, मुख्यतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांसाठी. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी आकडा वाढतो. एकदा वाढलेला दिसला तर ३ ते ६ महिन्यांत तीनदा करून त्यांतले दोन वाढलेले असतील तरच धरायचा.

फिट चाचणी. नळीच्या झाकणाला खाचा असलेली काडी असते. शौच पाण्यात पडण्याआधी कागदावर घ्यायचं, काडी चार-पाच वेगवेगळ्या जागी खुपसायची आणि फक्त खाचा भरतील एवढंच घ्यायचं. "जास्त दिलं तर बरं" म्हणून लोक नळी भरून आणतात, तो नमुना बाद होतो. काडी एकदा आत गेली की परत उघडायची नाही. नळी गरम जागी ठेवू नका आणि पाकिटावरच्या मुदतीत पोचवा, उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. पाळीच्या दिवसांत किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना देऊ नये. पथ्य काही नाही. पथ्य जुन्या ग्वायॅक पद्धतीच्या चाचणीला लागायचं.

अर्धविराम:
यादी पटली, पण ट्यूमर मार्कर रक्तातच होणार असतील तर केले म्हणून बिघडलं कुठे? सुटलेला एखादा पकडला गेला तर फायदाच.

काचपट्टी:
बिघडतं. हिशोब मांडून बघा. हजारात एकाला असलेला आजार घ्या आणि अशी चाचणी, जी आजारी माणूस कधीच सोडत नाही आणि निरोग्यांतल्या ९५ टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. हजार जण तपासले तर एक खरा आणि जवळपास ५० खोटे पॉझिटिव्ह. रिपोर्ट हातात आलेल्या त्या ५१ जणांत खरा आजारी एकच. आणि ट्यूमर मार्कर या कल्पित चाचणीइतकेही नेमके नाहीत. सीए-१२५ पाळीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, फायब्रॉइडमध्ये वाढतं. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं असतं. एएफपी गरोदरपणात वाढतं. हे मार्कर मुख्यतः निदान झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतोय का ते बघायला वापरतात.

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अंडाशयाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, सीए-१२५ आणि सोनोग्राफी वापरून. २०२१ मध्ये निकाल आले: मृत्यू कमी झाले नाहीत.

क्षकिरण:
थायरॉइडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं, मृत्यूदर मात्र जागचा हलला नाही. म्हणजे सापडलेल्या बहुतेक गाठी आयुष्यभर गप्प बसणाऱ्या होत्या. त्या काढल्यावर मात्र रोजची गोळी जन्मभर, काहींना आवाजाच्या नसेची इजा, काहींना कॅल्शियमची कायमची कमतरता.

पोटाच्या सोनोग्राफीचंही तेच. तक्रार नसलेल्या माणसात पित्ताशयातला खडा, यकृतातलं पाण्याचं गळू, मूत्रपिंडातली साधी सिस्ट हमखास दिसते. मग सीटी, मग एमआरआय, मग "सहा महिन्यांनी पुन्हा बघू". याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या घरातच आहे: ७२ वर्षांचे गृहस्थ. ६५ ते ७५ वयातल्या, कधीही सिगारेट ओढलेल्या पुरुषाची पोटातली महाधमनी एकदा सोनोग्राफीवर मोजायची. ३ सेंमीच्या आत असेल तर विषय संपला. ३ ते ५.४ असेल तर ठरावीक अंतराने नजर, ५.५ ला शस्त्रक्रियेची चर्चा. सांगताना "महाधमनीचा व्यास मोजा" असं स्पष्ट सांगा, कारण नुसत्या "पोटाची सोनोग्राफी"च्या रिपोर्टमध्ये तो आकडा अनेकदा नसतो. पोटात वायू असेल तर धमनी झाकली जाते, म्हणून उपाशीपोटी या.

त्यांचीच छातीची सीटी करावी का? कमी मात्रेची सीटी ५० ते ८० वयात, निदान २० पॅक-वर्षं (रोजची पाकिटं गुणिले वर्षं) आणि सिगारेट चालू किंवा सोडून १५ वर्षांच्या आत, अशांसाठी दरवर्षी सांगतात. त्यांची २५ पॅक-वर्षं भरतात, पण सोडून ३० वर्षं झाली. टास्क फोर्सच्या निकषात बसत नाहीत. छातीचा साधा एक्स-रे हा त्याला पर्याय नाही, त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होत नाहीत.

मॅमोग्राफी. अमेरिकेत २०२४ पासून ४० ते ७४, दर २ वर्षांनी. ब्रिटनमध्ये ५० ते ७१, दर ३ वर्षांनी. ४० ते ४९ मध्ये फायदा कमी आणि परत बोलावलं जाण्याचं प्रमाण जास्त, म्हणून ही मतं वेगळी. माझं मत विचाराल तर आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर वाट बघू नये, आणि जनुकीय सल्लाही घ्यावा. पाळी चालू असेल तर पाळीनंतरच्या आठवड्यात या, दुखतं कमी. त्या दिवशी काखेत डिओडोरंट, पावडर नको. त्यातले ॲल्युमिनियमचे कण चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात आणि नेमके ठिपकेच आम्ही शोधत असतो. जुन्या फिल्म किंवा सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. एकच सावली तीन वर्षांपूर्वीही तशीच होती, हे दिसलं की बायॉप्सी वाचू शकते.

रिपोर्टवरचा बायरॅड्स आकडा (मॅमोग्राफीत दिसलेल्याची ठरावीक श्रेणी) वाचायला शिका. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी हवी. "शून्य" बघून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात! १ आणि २ ठीक. ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांनी परत. ४ आणि ५ ला बायॉप्सी.

कोरापान:
फार उपयोगी. ३८ वर्षांच्या बाईंचा सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट मिळाला. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.१, उपाशीपोटी साखर ९१, हिमोग्लोबिन ९.४. साखर आहे की नाही?

काचपट्टी:
या रिपोर्टवरून सांगता येत नाही. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी आणि ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटी १०० ते १२५ उंबरठा, १२६ पासून मधुमेह. इथे दोन आकडे दोन दिशांना बोट दाखवतात, आणि ९.४ हिमोग्लोबिन त्याचं बहुधा कारण. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात, तेवढी साखर त्यांना जास्त चिकटते आणि एचबीए१सी खोटं वाढतं. पेशी लवकर मोडत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर उलट खोटं कमी येऊ शकतं. थॅलेसेमियाच्या वाहकांतही हा आकडा बेभरवशाचा. आधी फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा) करा, आणि साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी. लोहाचा उपचार होऊन रक्त सुधारल्यावर साधारण तीन महिन्यांनी एचबीए१सीला अर्थ येईल. आणि फेरिटिन कमी निघालं तर नुसत्या गोळ्या देऊन थांबू नका, पाळीत रक्त किती जातं ते विचारा.

धमनी:
राहिलेल्या दोघांचं.

६३: मॅमोग्राफी आणि आतडं चालू. फिट पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपीच. "परत फिट करून बघू" नाही. पॉलिप (आतड्यातला कोंब) रोज रक्त सोडत नाही, त्यामुळे दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली रद्द होत नाही. गर्भाशयमुखाची तपासणी ६५ ला थांबते, पण एका अटीवर: मागच्या १० वर्षांत सलग तीन पॅप किंवा सलग दोन एचपीव्ही निगेटिव्ह, आणि शेवटची ५ वर्षांच्या आतली. आजवर कधीच झाली नसेल तर ६५ उलटली तरी करायची. हाडांची डेक्सा (घनता मोजणारा एक्स-रे) ६५ ला. वजन फार कमी, आईवडिलांपैकी कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं किंवा तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेलं असेल तर आत्ताच. टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा) उणे २.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होणं. कण्याला झीज असेल तर तिथला आकडा खोटा चांगला दिसतो, म्हणून खुब्याचाही बघा. पुढची डेक्सा त्याच यंत्रावर करा, दोन यंत्रांचे आकडे ताडून बघता येत नाहीत.

रक्तदाबाचं लिहायचं राहिलंच होतं. पाचही जणांना लागणारी ही एकच तपासणी, आणि सगळ्यात गचाळपणे होणारीही. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नाही. लघवी करून या. पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. उघड्या दंडावर कफ, दंड हृदयाच्या पातळीवर आणि खाली आधार. हात लोंबता ठेवला तर दर १० सेंमीला साधारण ७-८ ने आकडा वाढतो. कफची फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी हवी; जाड दंडावर लहान कफ लावला तर वरचा आकडा २० पर्यंत फुगू शकतो. दवाखान्यात १४०/९० भरला तर गोळी सुरू करण्याआधी घरी सात दिवस मोजा, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ ही मर्यादा. यंत्र मनगटाचं नको, दंडाचं घ्या.

७२: इथे यादी लहान व्हायला हवी. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी) ७० नंतर नियमितपणे करू नये. ५५ ते ६९ मध्येसुद्धा फायदे-तोटे समजून ज्याचं त्याने ठरवायचं. फिट ७५ पर्यंत, त्यापुढे तब्येत आणि आधीच्या तपासण्या बघून. महाधमनीची सोनोग्राफी वर सांगितलीच आहे. त्यांना खरी गरज आहे ती पॅकेजमध्ये नसलेल्या गोष्टींची: डोळे (मोतिबिंदू, आणि काचबिंदूसाठी डोळ्याच्या दाबाबरोबर मागची नसही बघून), कान, घेत असलेल्या सगळ्या औषधांची उजळणी. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंदांहून जास्त लागले तर पडण्याचा धोका. आणि उभ्याचा रक्तदाब: पाच मिनिटं आडवं पडून मोजायचा, उभं राहून १ मिनिटाला आणि ३ मिनिटांना परत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर आधी रात्रीची प्रोस्टेटची आणि रक्तदाबाची गोळी तपासून घ्या. मोजताना शेजारी कुणीतरी उभं हवं.